अक्काबाईचा बसून जायचा नेम

माणसं नेम धरतात म्हणजे सोमवार धरतात, नाहीतर चहा सोडतात. पेठच्या डोंगरातल्या अक्काबाईनं गाडीत उभं राहणं सोडलं!

दिंडोरीच्या द्राक्षबागांची कामं निघाली की मुकादम किशोर सकाळी पिकअप घेऊन पाड्यावर यायचा आणि तीत पंचवीस बाया उभ्या कोंबायचा. मागच्या आठवड्यात घाटाच्या वळणावर त्यातली ललिता गाडीच्या मागच्या फाळक्यावरून निम्मी बाहेर गेली. अक्काबाईनं तिला कंबरेला धरून आत ओढलं. त्याच रात्री तिनं मनाशी ठरवलं, बूड टेकायला जागा असेल तरच चढायचं. बोलली कुणाला नाही. घरातल्यांनी सकाळ व्हायच्या आत नेम मोडून काढला असता.

दुसऱ्या दिवशी गाडी आली, भरली. अक्काबाई खालीच.

"मावशे, चढ की! मालकानं द्राक्षाचे घड बुडवायचं औषध कालवून ठेवलंय," किशोर ओरडला.

"बसायला जागा दे, लगेच चढते."

"पाटावर बसवून नेऊ का? नवरी हाय का तू?"

"नवरी व्हते तवा बैलगाडीत बसूनच आले व्हते, रे!"

गाडीत हशा पिकला. किशोर मात्र चिडला. "मग ऱ्हा घरी. उद्यापासून टोळीत तुझं नाव नाय."

बागेचं काम चार महिन्यांचं, ते गेलं तर पुढं खायचं काय? पण अक्काबाईचा पाय काही उचलेना. गाडी हलली.

"थांबव रे!" ललिता ओरडली आणि उडी मारून खाली आली. "हिनं मला वाचवलं, आन् मी हिला सोडून जाऊ?"

"माझ्या गुडघ्यांनी तर कवाच उभं ऱ्हायचं सोडलंय," म्हणत विमलाबाईही उतरल्या. मग धडाधड बाया उतरल्या. चौघी तेवढ्या गाडीत उरल्या, त्यांनी पाय पसरून ऐसपैस बसून घेतलं.

तेवढ्यात किशोरला बागमालकाचा फोन आला; बसायला जागा नाही म्हणून बाया उतरल्याचं त्यानं सांगून टाकलं. कालवलेलं औषध दुसऱ्या दिवसावर ठेवता येत नाही, त्यामुळे बागमालक असा ओरडत होता की सगळ्यांना ऐकू आलं. "दुसरी गाडी कर! भाडं माझं! पण बाया आण!"

अर्ध्या तासात दुसरी गाडी आली. किशोरनं स्वतःच्या हातानं तीत गोणपाट अंथरलं.

"माझं नाव हाय ना रे टोळीत?" अक्काबाईनं विचारलं.

"तुझं खोडलं तर बाकीच्या येतील का, मावशे?"

दोन्ही गाड्या निघाल्या. फाट्यावर चहाला थांबल्या, तर शेजारी दुसऱ्या गावची पिकअप उभी. बाया काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या खचाखच.

"बसून निघालात? वरात कुणाची?" तिकडून एकीनं टोमणा मारला.

"आमचीच!" अक्काबाईनं ठसक्यात उत्तर दिलं. "बसायला मिळंल तवाच चढायचं, असं ठरवलंय आम्ही. तुमचं काय?"

तिकडच्या गाडीत कुजबुज सुरू झाली, त्यांचा मुकादम हातातला चहाचा कप तसाच टाकून धावला, आणि तो पोचायच्या आत बायांनी गाडीचा फाळका खाडकन उघडला.