अर्ध्या पात्याची दोस्ती

लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची माझी खोड तुरुंगातही सुटली नाही. भटारखान्यात कांदे चिरता चिरता मी अख्ख्या बराकीच्या खबरा गोळा करतो. म्हणून तुरुंगाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आमच्या न्हाव्याला शिकवून एकदम मास्तर केलं, तेव्हा मला चैन पडेना. याच्या डोक्यात असं काय घातलं असेल बुवा?

न्हावी आमच्यासारखाच कैदी. दर रविवारी नळाच्या कट्ट्याजवळ स्टूल मांडून दाढ्या करायचा. ब्लेड कमी मिळायची, म्हणून एकेक मधोमध मोडून अर्ध्या पात्यात पाच-सहा जणांना उरकायचा. शेवटचं पातं मात्र ठरलेलं. त्यानं तो आमच्याच बराकीतल्या ड्रायव्हरची दाढी करायचा आणि त्याच पात्यानं ड्रायव्हर त्याची. दोघांचं गूळपीठच तसं होतं. जेवायलाही एकच ताट.

एक दिवस न्हावी बराकीत बोलायला उभा राहिला. "पाण्यातून होते ती कावीळ वेगळी. ही रक्तातली. गोंदायच्या सुईतून जाते, माझ्या पात्यातूनही जाते. वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर खाते."

"म्हणजे तूच आम्हाला मारतोयस की रे!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

न्हावी हसला नाही. "असेलही. म्हणून आजपासून माणशी नवं पातं. साहेबांकडून मंजूर करून घेतलंय. आणि सगळ्यांनी रक्त तपासून घ्या. गोळ्यांनी बरी होते."

त्या रविवारी ड्रायव्हरची दाढी झाली, त्यानं नेहमीसारखा वस्तऱ्यासाठी हात पुढे केला, तर न्हाव्यानं पातं सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ड्रायव्हर भडकला. "ताट एक चालतं आणि पातं वेगळं? परका झालो होय मी?" तेव्हापासून त्यानं बोलणंच टाकलं. तपासणीचं नाव काढलं की दुसऱ्याकडे बघून म्हणायचा, "डोळे पांढरेशुभ्र आहेत माझे. मला काय धाड भरलीय?"

तो महिनाअखेर सुटणार होता. घरी बायको, आणि त्यानं अजून मांडीवरही न घेतलेली लेक.

"जाऊ दे ना त्याला," मी न्हाव्याला म्हटलं. "एवढा का हात धुऊन मागे लागलायस?"

न्हावी ब्रश धूत होता. मान वर न करता म्हणाला, "बाईंनी माझं रक्त तपासलं. मला आहे. त्यालाही असणार. एकदा बाहेर पडला की हा गाडी घेऊन पळेल, दवाखान्याची पायरी चढायचा नाही."

"अरे, मग सांग की त्याला!"

"सांगतो. पण मग माझ्या स्टुलावर कोण बसेल?"

 

पुढच्या रविवारी त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ड्रायव्हर ताडकन उठला. "आणि हे आज सांगतोस?" म्हणाला आणि निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत बाही सरसावून उभा. रिपोर्ट आला, त्यालाही होती. कुणी कुणाला दिली? मी नर्सबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "ते आता कुणालाच कळायचं नाही. गोळ्या घेतल्या का, ते विचारा." इकडे न्हाव्याच्या स्टुलावर माश्या बसायला लागल्या.

सुटायच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर दाढीचं जंगल घेऊन आला आणि स्टुलावर धपकन बसला. "लाव साबण. असा अवतार बघून लेक भोकाड पसरेल." मग मोठ्यानं म्हणाला, "आणि आता दोघांनाही आहे ना? मग पहिल्यासारखं एकच पातं होऊ दे!"

"गाढवा!" न्हावी असा कडाडला की पहारेकरी वळून बघायला लागला. "गोळ्यांनी बरा होशील आणि परत कुणाच्या तरी पात्यानं घेऊन बसशील! भिंतीला शिकवत होतो का मी इतके दिवस?" शिव्या घालत त्यानं नवं पाकीट फाडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

ड्रायव्हरनं निमूट हनुवटी वर केली.

"बरं बाबा, चुकलं. पहिल्यापासून परत सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग. घरी जाऊन मला बायकोला समजावायचंय."