टाचेला लागणारी काच

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केलीय. सॉफ्टवेअर टेस्टर आहे मी, जे दुसऱ्यांदा घडत नाही ते मानतच नाही. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय…

मूळची पुण्याची, सहा वर्षं बेंगळुरूत, कोरमंगलात. स्कूटर घसरली, ऑपरेशन झालं, पण उजवं पाऊल लोंबकळतच राहिलं. महिन्याभरात हललं नाही तर पायाला कायमचा ब्रेस, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रोज सकाळी कोमट पाण्याच्या पूलमध्ये व्यायाम.

थेरपिस्ट शोभाअक्का इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. काठावरून मला फ्लोट बांधून उताणं तरंगवायच्या. कान पाण्यात, नजर छतावर. काच फुटून पाण्यात पडू नये म्हणून हातातल्या बांगड्या काढायच्या, मग पाण्यात उतरून माझं पाऊल वर-खाली करायच्या.

त्या दिवशी मला तरंगवून त्या काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं घोट्याभोवती बोटं आली. गार होती. पाऊल वर… खाली… आणि दर वेळी टाचेला काच लागत होती.

“अक्का, बांगड्या काढायला विसरलात?”

मान उचलून पाहिलं — पायाशी कुणीच नव्हतं. अक्का पार पलीकडे, नळाखाली साबण लावून अडकलेली बांगडी काढत होत्या.

“स्वल्प थांबा म्हटलं ना, आलेच!” म्हणत त्या वळल्या आणि जागीच थिजल्या. “अय्यो… पाय तुम्हीच हलवताय का?”

मी हलवत नव्हते. दोघींच्या डोळ्यांदेखत पाऊल वर-खाली होत होतं, आणि पकड सुटत नव्हती. मी किंचाळले. अक्का धावत पाण्यात उतरल्या. त्यांचा हात लागला तेव्हाच ती पकड सुटली.

“इथे कुणी बुडलं होतं का?” मी रडत विचारलं.

“देवाशपथ, कुणी नाही.” अक्कांनी गळ्याला हात लावला.

त्या दिवसापासून पाऊल हलतंय. नस जागी झाली, असं डॉक्टर म्हणाले. पुण्यात आईनं देवापुढे साखर ठेवली. मी काठीशिवाय चालते. त्या पाण्यात मात्र पुन्हा उतरले नाही.

भास म्हणून सोडूनही दिलं असतं. पण आता कोरड्या फरशीवरही पाऊल उचललं की टाचेला आधी काच लागते. दर पावलाला. का, ते मला माहीत नाही. हे थांबावं म्हणून मी देवापुढे हात जोडते, आणि थांबलं तर पाऊल पुन्हा लोंबकळेल या भीतीनं हात तसेच खाली घेते.