ऑपरेशन नोटवरचं नाव

सरांनी माझ्या बोटांवर लोखंडी चिमटा हाणला, तेव्हा टेबलावरचा पेशंट जागा होता.

एकदा नाही. तीनदा. हातमोज्याच्या आत पेर टरारून सुजलं.

"भात लावणारे हात आहेत हे," सर म्हणाले. "कोट्यातून सीट मिळते. हात मिळत नाहीत."

भूल देणाऱ्या मॅडम हसल्या. सिस्टर खाली बघत राहिली. मी म्हणाले, "सॉरी, सर."

दोरा कापायला मला जरा उशीर झाला होता. एवढीच चूक. मी उभ्या उभ्या झोपले होते.

आंबेगाव तालुक्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात हर्नियाच्या मोफत ऑपरेशनचं शिबिर होतं. सर आमच्या युनिटचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली सर्जरी शिकणारी, दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. आदल्या दिवशी सकाळपासून मी ड्युटीवर होते. तशीच, अंघोळ नाही, काही नाही, शहरातून गाडीत घालून आणली.

मी जुन्नरच्या पश्चिमेकडची, डोंगरातली. आमच्या वाडीतली पहिली डॉक्टर. भात लावलाय मी. नाचणी लावलीय. गुडघाभर चिखलात आईच्या मागं मागं वाकलेय. या हातांची मला कधी लाज वाटली नव्हती. या दोन वर्षांत वाटायला लागली. सर राउंडला आले की मी हात ॲप्रनच्या खिशात घालायची.

आणखी एक सांगते. ते सांगायची जास्त लाज वाटते. वॉर्डात एक म्हातारी गेली. तिची लेक माझ्या पायाशी बसून रडत होती. आणि माझ्या मनात आलं, चला, एक ड्रेसिंग कमी झालं. इतकी मी आटले होते. आईचा फोन आला की मोबाईल पालथा ठेवायची. आवाज ऐकला तर रडू येईल म्हणून नाही. बोलायला तोंड उघडायचं जीवावर यायचं म्हणून.

त्या दिवशी टेबलावर किसनबाबा होते. निरगुडसरचे. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे सौदे जमवणारा माणूस. सकाळी तपासताना त्यांनी मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "कापणार मोठं डॉक्टरच ना?"

मी हो म्हणाले.

मोठे डॉक्टर अर्ध्यातच गेले. जवळच्या मंगल कार्यालयात त्यांचा सत्कार होता. हातमोजे काढता काढता म्हणाले, "जाळी बसव आणि बंद कर. एवढं तरी जमेल ना?"

हर्नियाच्या भोकावर आधाराची जाळी बसवताना खालून रक्त आलं. थेंब थेंब नाही. भरून आलं. मी गॉज दाबून धरला आणि सिस्टरला सरांना फोन लावायला सांगितलं. तिनं फोन माझ्या कानाशी धरला. मागं लाउडस्पीकर चालला होता.

"दाबून धर. माझं नाव पुकारलंय," सर म्हणाले. फोन बंद.

पडद्यापलीकडून किसनबाबा म्हणाले, "मॅडम, काय झालं का?"

"रक्त येतंय, बाबा. थांबवतेय. हलू नका."

"न्हाई हालत."

मी दाबून धरलं. थांबले. गॉज हळूच काढला. रक्त कुठून येतंय ते दिसलं. शीर पकडली, बांधली. पुन्हा थांबून बघितलं. कोरडं होतं. मग जाळी बसवली, टाके घातले. 

चारच्या सुमाराला सर परत आले. खांद्यावर शाल. खुशीत. माझ्यापुढं ऑपरेशन नोटचा कागद ठेवला. कोणी ऑपरेशन केलं, त्यात काय घडलं, हे त्यावर लिहायचं असतं. "सर्जन म्हणून माझं नाव. रक्ताचं काही लिहू नकोस."

दोन वर्षं मी असंच लिहीत आले होते. सर गावात नसायचे आणि कागदावर ऑपरेशन करत असायचे. माझ्याच अक्षरात.

त्या दिवशी मी लिहिलं. अर्धं ऑपरेशन सरांनी केलं. सर निघून गेले. उरलेलं दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटनं एकटीनं केलं. ती सलग चौतीस तास ड्युटीवर आहे. रक्तस्राव झाला. सरांना फोन केला. ते आले नाहीत. खाली वेळ घातली, सही केली. फोटो काढून कॉलेजच्या डीनना पाठवला. मग कागद सरांच्या हातात दिला.

त्यांनी वाचला. "फाड हे."

"नाही."

"ऐकू आलं नाही का?"

"आलं, सर. फाडणार नाही."

ते जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "तू सर्जन होणार नाहीस. मी बघतो."

त्यांनी बघितलं. माझ्या पदवीच्या प्रबंधावरची सही अडवली. डीनना पत्र दिलं की ही मुलगी मानसिकदृष्ट्या अस्थिर आहे, हिला रजेवर पाठवा. ज्यांनी झोपू दिलं नाही, त्यांनीच लिहिलं की हिचं डोकं ठिकाणावर नाही. आठ दिवसांची सक्तीची रजा. मी घरी गेले.

आईनं ताट वाढलं. घास हातात असताना मला झोप लागली. दचकून उठले आणि विचारलं, "राउंड झाली का?"

आईनं माझा हात ओढून बोटांवरचे वळ बघितले. मग म्हणाली, "तुला तिथं कुणी मारतं का गं?"

कोणी विचारलंच नव्हतं आजपर्यंत. मी हो म्हणाले.

ती रडली नाही. "किती दिसांपासनं?"

"दोन वर्षं."

"मग तू काय केलं?"

"एकदा लिहून दिलं."

"दोन वर्षं मारलं आन एकदाच लिवलं?"

मला राग आला. तिचा नाही. माझा. आठ दिवस मी ओट्यावर बसून लिहिलं. प्रत्येक मार. प्रत्येक शिवी. कोणासमोर, कुठं. आणि माझ्या अक्षरातल्या खोट्या नोटा, आठवतील तेवढ्या सगळ्या. त्यात मीही अडकणार होते. अडकू दे म्हटलं.

ते सगळे कागद मी डीनना दिले, तेव्हा चौकशी लागली. चौकशीला तीन डॉक्टर बसले होते. सर म्हणाले, "मी कुठंही गेलो नव्हतो. पेशंट भुलेखाली होता, त्याला काय कळणार?"

किसनबाबांना बोलावलं होतं. धुवट टोपी घालून आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मी जागा व्हतो, साहेब," ते सरांना म्हणाले. "कंबरंखालचं बधिर व्हतं. कान न्हवतं. तुमी गेला व्हता. मला शिवलं ह्या पोरीनं. तुमी तिला चिमट्यानं हाणलं, त्ये बी ऐकलं मी. आमच्या बाजारात बैलाला असं कुणी हाणलं तर आमी सौदा मोडतो."

सर खाली बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होते. लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

निकाल आला. सरांना लेखी समज. मला खोट्या नोटांबद्दल प्रशिक्षणाचे सहा महिने जादा. त्यांना कागदाचा एक तुकडा, मला अर्धं वर्ष. वर मला दुसऱ्या युनिटला बदली देऊ केली. मी नाकारली. मी त्यांच्यासमोरच राहणार आहे, रोज, राउंडला पहिल्या रांगेत.

परवा त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच बस म्हणाले. "झालं ते झालं. मिटवून टाकू. प्रबंधावर सही करतो."

मी बसले नाही. "सही तर तुम्हाला करावीच लागेल, सर. मी विद्यापीठाकडं अपील केलंय. बाकीच्या रेसिडेंटनीही त्यांच्यावर काय काय झालं ते लिहून दिलंय."

त्यांचा चेहरा उतरला. तो मी नीट बघून घेतला.

त्यांच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत. तोवर ही दमेल, असं त्यांना वाटतं. मी दमलेली होते, म्हणून तर दोन वर्षं त्यांचं निभावलं. आता मी जेवते. ड्युटी संपली की झोपते, कोणी काही म्हणो. आणि उठले की लिहायला बसते. मला त्यांची माफी नको. त्यांचा शिकवण्याचा हक्क जायला हवा. तो जाईपर्यंत मी त्यांना सोडणार नाही.