पायगुणाची पोरगी

आमच्या धाकट्या भावाला आणि भावजयीला मुलगी दत्तक घ्यायची होती. दोघं जर्मनीत राहतात, मुलगी मात्र आपल्याकडचीच घेणार. त्याआधी तिथल्या समाजसेविकेनं त्यांना पारखायचं, असा नियम. बाई घरी खेपा घालून गेली. पगार विचारला, भांडता का विचारलं, भांडल्यावर आधी कोण बोलतं तेही विचारलं. मला तीन पोरं आहेत. असलं कुणी विचारलं असतं, तर मी पहिल्याच प्रश्नाला नापास झालो असतो.

शेवटी तिला नवऱ्याकडची माणसं बघायची होती, व्हिडिओ कॉलवर. अंथुर्ण्यात आमच्या घरात रेंज टिकत नाही, म्हणून आईला घेऊन बारामतीला बहिणीकडं गेलो. मी लग्नातला कोट चढवला. बटणं लागेनात. खाली लेंगाच, कॅमेऱ्यात कुठं दिसतोय?

"आई, विचारतील तेवढंच बोल."

"तुझ्यापेक्षा कमीच बोलती मी."

मी ऊस, विहीर, खानदान, सगळं सांगून दमलो. मग बाईनं दुभाष्याकरवी आईला विचारलं, मुलगी येणार म्हणून कसं वाटतंय?

आई खुलली. "लई आनंद हाय. असलं लेकरू पायगुणाचं असतं बघा. ते घरात आलं की वरसाच्या आत सुनंची कूस उजवंल. आमच्याकडं लई जणींचं झालंय असं."

मीही जोरात मान डोलावली. आमच्याकडं दत्तक लेकराचं याहून मोठं कौतुक नाही. दुभाष्यानं शब्द न् शब्द पोचवला. बाई हसली, आभार मानले. मी लगेच बहिणीला पेढे आणायला पिटाळलं.

काही दिवसांनी भावाचा फोन आला. "दादा, बाई नाही म्हणाली."

"का रं?"

"तुमच्या घराला ही पोरगी हवीय ती पोटच्या लेकरासाठी, म्हणाली. नव्यानं अर्ज करायचा तर आमची वयं बसत नाहीत आता." मागं भावजय रडत होती. "आईला कळू देऊ नको, दादा. जीव सोडंल ती."

मी उगाच दोनदा "बरं" म्हणालो.

आईनं इंदापूरच्या बाजारातून मऊ कापड आणलंय. ओसरीत कुंची शिवत बसते.

"कवा आणायचीत रं पोरगी?"

"कागदं चाललीत."

"उशीर झाला तर कुंची बारकी हुईल की."

"मग मोठी शीव," मी म्हणालो.

तिनं चष्मा सारखा केला आणि शिवलेली कुंची उसवायला घेतली.