न लागलेल्या तिकिटांचे मालक

लॉटरीचं तिकीट लागलं नाही म्हणून गल्लीभर गूळ-शेंगदाणे वाटणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि देवीनं तो नेमका माझा व्याही म्हणून मला दिला. जळकोटला त्यांची शेती आहे, सोयाबीन आणि थोडी तूर. नळदुर्गच्या बाजाराला जाताना धोतर धुतलेलं, पटका नवा आणि चेहऱ्यावर कुणाला तरी दान द्यायला निघाल्याचा भाव. स्टँडवर सरकारी लॉटरीची तिकिटं विकणारा एक जण बसायचा. पुष्कळ वर्षांमागं एक तिकीट खपवताना तो बोलून गेला, की बक्षिसं वाटून उरलेला पैसा सरकारजमा होतो आणि त्यातनं शाळा होतात, दवाखाने होतात. त्याला गिऱ्हाईक गळाला लावायचं होतं, बाकी काही नाही. आमचे व्याही मात्र ते बोलणं गुरूकडनं मंत्र घ्यावा तसं घरी घेऊन आले. तेव्हापासून दर आठवड्याला एक तिकीट. निकालाचा पेपर आला की नाकाला टेकवून नंबर बघायचे आणि सुटकेचा श्वास टाकायचे. "न्हाय लागलं. गेला पैसा चांगल्या कामाला." मग गूळ.

माझ्या लेकीसाठी त्यांच्या मुलाचं स्थळ आलं तेव्हा मी आजच्यासारखी शहाणी नव्हते, म्हणजे स्वतःला फार शहाणी समजत होते. टायपिंगची परीक्षा पास झालेली, तुळजापुरात गॉगल लावून भाजी आणणारी पहिली बाई मीच, असा माझा समज होता. (भाजीवाली मला "आंधळ्या ताई" म्हणायची हे मला फार उशिरा कळलं.) तर तो गॉगल डोक्यावर चढवून मी जळकोटला त्यांच्या ओसरीत बसले आणि जमेल तितक्या नाकातनं विचारलं, "आपण लॉटरी घेता, असं कानावर आलंय."

"व्हय जी. दर आठवड्याला. आजवर एकदा बी लागली न्हाय, आईची कृपा."

"आणि सोडायचा काही विचार?"

ते खरोखर काळजीत पडले. "सोडली तर शाळंच्या पत्र्याचं कसं व्हायचं, इहीणबाई?"

अजून सोयरीक ठरायची होती आणि मी इहीणबाई होऊन बसले होते. आमच्या यांना पोह्यांचा ठसका लागला. घरी येताना मी बसमध्ये जाहीर केलं की असल्या घरात पोरगी देणार नाही. पोरगी म्हणाली, "आई, जिथं हरल्यावर गूळ वाटतात तिथं भांडायचं कशावरनं?" ते मला लागलं, कारण तिला घरातलं एक जुनं भांडण ठाऊक होतं. लग्नानंतर मीही एकदा लॉटरीचं तिकीट घेतलं होतं. निकालाआधीच मी सोलापुरात बंगला बांधला, दारात मोटार उभी केली आणि पुढच्या सीटवर मी बसणार की सासूबाई, यावरनं नवऱ्याशी अबोला धरला. तिकीट लागलं नाही. अबोला तरीही चालू राहिला, कारण प्रश्न तत्त्वाचा होता.

व्याह्यांचं वाटप माझ्या उलट. मी न आलेले पैसे स्वतःला वाटले, त्यांनी गेलेले पैसे लोकांना वाटले. सरकार ते पैसे कुठं घालतं हे सरकारनं त्यांना कधी कळवलं नाही, म्हणून ते आपणच ठरवून टाकायचे. निकालाच्या दिवशी मारुतीच्या पारावर बसकण मारायची आणि लोकांनी आपापलं गाऱ्हाणं मांडायचं. आधी लोक चेष्टेनं यायचे, मग सवयीनं, आणि पुढं पुढं तर बायका सकाळीच घरी येऊन माझ्या लेकीकडं वशिला लावायच्या, "सूनबाई, मामांना सांग की, ह्या बारीचं आमच्या फाट्यावरच्या निवाऱ्याला द्या म्हणावं, उन्हात लेकरं करपतेत." नियम कडक होते. एका गावाला लागोपाठ दोनदा नाही. लग्नाला नाही, सत्काराला नाही. मंदिराच्या कळसासाठी आलेल्या मंडळींना त्यांनी हात जोडून परत पाठवलं, "देवाला देणारे लई हायेत. संडासाला कोण देतं?" आणि जळकोटचा नंबर कायम शेवटी. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पंगतीत वाढणारा आधी आपल्या पानात वाढत न्हाय."

एकदा दिलं म्हणजे ते काम त्यांचं झालं. मग देखरेख आली. एका ओढ्यावर छोटा पूल बांधत होते तिथं हे रोज जाऊन उभे राहायचे, काठीनं सिमेंट टोचायचे आणि म्हणायचे, "आमचा पैसा हाय यात, बाबा. जरा दाबून भर." नवा इंजिनिअर घाबरला. हा माणूस वरनं पाठवलेला असणार, अशी त्याची खात्री झाली. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला आणि एक कठडा पाडून पुन्हा बांधला. तो पूल अजून ठणठणीत आहे. उपकेंद्राच्या बाकावर बसलेल्या पेशंटांना हे सांगायचे, "बसा निवांत, घरचंच हाय." आणि एकदा घात झाला. लेकीचा फोन आला, आवाज पडलेला, "आई, मामांना लागली." मी पायांत चपला सरकवल्या. काय लागलं, कुठं लागलं, कितपत लागलं? बक्षीस लागलं होतं, लहानसंच. ते सुतकात असल्यासारखे दोन वेळ जेवले नाहीत. "कुणाच्या तरी तोंडचं आपल्याकडं आलं," एवढंच म्हणायचे. शेवटी त्या सगळ्या रकमेची तिकिटं घेतली, एकही लागलं नाही, तेव्हा कुठं भाकरी गोड लागली.

अलीकडं त्यांना दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तो फार पिकवलेला. शाळेची भिंत आली की हातानं चाचपायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "कशी दुधासारखी दिसतीय." त्यांना सगळंच दुधासारखं दिसत होतं. सोलापूरला खाजगीत ऑपरेशन करू म्हणून जावई मागं लागला, लेक रडली, हे हलेनात. शेवटी मला पाठवलं, कारण विहिणीचा शब्द त्या घरात खाली पडत नाही.

"दादा, असं अर्धंमुर्धं बघून देखरेख होते का?" मी म्हटलं. "कुणी भिंत कच्ची बांधली तर तुम्हांला कळणार कसं?"

हे त्यांना पटलं. पण अट घातली, ऑपरेशन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच. "तिथल्या डोळ्याच्या खोलीला म्या किती तिकिटं दिलीत. आपल्याच घरी जायला भ्यायचं व्हय?" आम्ही सगळे भीत होतो. ते मात्र पाहुण्यांची विचारपूस करावी तशी नर्सबाईंची विचारपूस करत आत गेले. ऑपरेशन उत्तम झालं. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की आता दूरचंही स्वच्छ दिसेल. मला बघून व्याही म्हणाले, "इहीणबाई, तुमी लई म्हाताऱ्या झाल्या की." मी म्हटलं, "ऑपरेशन बिघडलेलं दिसतंय."

गंमत तिथंच संपली. जीप जळकोटच्या वाटेला लागली आणि ते म्हणाले, "सरळ घरी नगं. माझी कामं बघत बघत जाऊ." ती कामं मी वर्षानुवर्षं चांगल्या डोळ्यांनी पाहत आले होते. मी ऊन फार आहे म्हणाले, औषधाची वेळ झाली म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा माझं पित्त खवळलं असंही म्हणाले. जावयानं आरशातनं माझ्याकडं बघितलं आणि जीप वळवली. गावांची नावं घेत नाही, तिथल्या लोकांना वाईट वाटेल. एका शाळेत भिंतीचे पोपडे निघाले होते, पाण्याच्या टाकीला नळ होता आणि तोटी नव्हती, तिथं चिंधी कोंबली होती. फाट्यावरच्या निवाऱ्याचा पत्रा एका बाजूनं उडाला होता आणि उरलेल्या सावलीत दोन बायका आणि एक शेळी दाटीनं उभ्या होत्या. पूल तेवढा भक्कम होता.

शाळेच्या भिंतीवरनं त्यांनी हात फिरवला, या वेळी डोळे उघडे ठेवून. हाताला चुना लागला तो पटक्याला पुसला. मी मनात वाक्यं जुळवत होते. सरकारचं असंच असतं, लोक जपत नाहीत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. टायपिंग शिकलेल्या बाईकडं अशा वेळी वाक्यांचा तोटा नसतो. ते जीपमध्ये येऊन बसले आणि माझ्याकडं वळून, जणू चूक आपल्याच घरची असावी तसे हळू म्हणाले, "इहीणबाई, तिकिटं कमी पडली हो."

मी गॉगल लावला. तो आता ऑपरेशनवाल्यांसारखा काळा आणि मोठा आहे, आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.

त्यांचं बाजाराला जाणं आता थांबलंय, गुडघे ऐकत नाहीत. म्हणून तुळजापुरात भाजी आणायला जाते तेव्हा मीच एक तिकीट घेते. तिकीटवाला म्हणतो, "आजी, लागलं की मला विसरू नका." मी म्हणते, "असलं अभद्र बोलू नकोस." परवा निकाल बघितला, माझा नंबर कुठंच नव्हता. आमच्या यांनी विचारलं, एकटीच काय हसतेयस? मी त्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि जळकोटला फोन लावला. पलीकडनं ते आधी खोकले, मग म्हणाले, "कुणाला दिलं?"

"त्या शाळेला," मी म्हटलं. "एका तिकिटात तोटी येत असेल ना, दादा?"

पलीकडनं पुटपुटत हिशेब चाललेला ऐकू आला.

"यील," ते म्हणाले. "दाबून बसवाय सांगा."