आबांची बाभळ

चकलांब्याच्या आमच्या शेताच्या बांधावर दोन बाभळी होत्या. एक आईची, एक माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची. दोन्ही राखलेल्या होत्या सरणासाठी. आमच्याकडं जाणत्या माणसांची ही रीतच आहे. मेल्यावर लाकडासाठी पोरांना कुणाच्या दारात जावं लागू नये म्हणून आपल्या बांधावर आपलं एक झाड धरून ठेवायचं. औतासाठी, दाराच्या चौकटीसाठी, कुणी कशासाठीही मागितलं तरी त्याला कुऱ्हाड लावू द्यायची नाही.

आई गेली तेव्हा तिची बाभळ तोडली. तेव्हापासून आबा रोज दुपारी जाऊन स्वतःच्या बाभळीखाली बसू लागले. जेवण निम्म्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. एसटीची वाट बघत पिशवी घेऊन बसलेल्या माणसासारखे दिसायचे. मला ते बघवायचं नाही.

मी गेवराईला शाळेत शिकवते. स्वभावानं तिखट, आणि झाडांच्या बाबतीत तर विचारूच नका. लाकडासाठी झाड तोडायला बंदीच हवी, असं मी मुलांना दरवर्षी तावातावानं सांगते. एका रविवारी तेच भाषण आबांना ऐकवलं. खरं तर त्या बाभळीवरनं त्यांचं मन उडावं, एवढंच मला हवं होतं.

"ती बाभळ मी कुणाला तोडू देणार नाही," मी म्हणाले. "तुमच्यासाठीसुद्धा."

"मग मला काय तुझ्या भाषणावर जाळतीस का?" आबा म्हणाले.

आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते, म्हणून मी वाद तिथंच सोडला. परतताना एसटीत मात्र मला रडू आवरेना.

गेल्या पावसाळ्यात झड लागली. ओढ्याला पाणी आलं, गाड्या बंद झाल्या आणि मी गावातच अडकले. त्याच दिवसांत, आमच्या रानात आईच्या जोडीनं खुरपायला येणारी म्हातारी वारली. तिचा मुलगा ऊसतोडीला जाणारा. रान नाही, म्हणजे बांध नाही, म्हणजे झाडही नाही. गेवराईच्या वखारीतून लाकूड आणायचं तर रस्ता बंद. गावानं गोवऱ्या दिल्या, थोडंफार सरपण दिलं, पण तेवढ्यात भागणार नव्हतं. तो आमच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला आणि काही न मागताच खाली बघू लागला.

आबांना सगळं कळलं. ते माझ्याकडं वळले.

"काय बाई, तुझी परवानगी हाय का?"

झाड तोडू द्यावं का, याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. पण त्या भिजलेल्या माणसासमोर ते मला देता येईना. मी होकारार्थी मान हलवली.

बांधावर मी आबांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिले. त्यांनी बाभळीच्या बुंध्यावरून हात फिरवला, मग बाजूला सरकले. "वली असली तरी पेट घेतीया ही," ते त्या मुलाला म्हणाले. "तुझ्या मायनं लई खुरपलंय या रानात. कमी पडू दिऊ नकु."

त्या झाडाचा मी इतका राग राग केला होता, तरी ते पडलं तेव्हा मला भीतीच वाटली. त्या बाभळीखाली बसण्यापुरतं तरी आबा घराबाहेर पडत होते. आता तेही गेलं.

ऊन पडल्यावर आबा घरात दिसेनात, तशी मी घाईघाईनं शेतात गेले. ते बांधावर उकिडवे बसून खुरप्यानं माती मोकळी करत होते. शेजारी पानावर बाभळीच्या बिया होत्या, शेळ्यांच्या गोठ्यातून वेचून आणलेल्या. शेळीनं चघळून टाकलेलं बी लवकर उगवतं, असं आमच्याकडं मानतात.

मी त्यांच्याजवळ बसले. "आबा, ही सरणाजोगी कधी व्हायची?"

"लई वर्सं लागतेल," त्यांनी एक बी मातीत दाबलं. "तवर थांबावं लागल की मला."