जाळ्याला दुसरा हात

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या तापटपणाचा दोष कमी आणि चांगुलपणाचा जास्त, आणि ते मला अजून पचलेलं नाही. रागाने माझं कधी फारसं नुकसान झालं नाही. चांगुलपणाने मात्र एकदा माझा गळाच कापला असता.

मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. भाट्याच्या पुलापलीकडे आमच्या वाडीत, घराच्या पडवीत टेबल टाकून. बारा वर्षांपूर्वी मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता: आकडे देवनागरीत आणि आपल्या लाख-कोटींच्या पद्धतीने नीट मांडून दाखवणारा. बाकीचे सगळे प्रोग्रॅम हजारांच्या पुढे स्वल्पविराम भलतीकडेच टाकायचे, ते बघून माझं डोकं फिरायचं. म्हणून लिहिला आणि लोकांसाठी उघडा ठेवला. उघडा म्हणजे कोणीही वाचावा, कोणीही फुकट वापरावा, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. बघता बघता तो कुठे कुठे जाऊन बसला, दुकानांच्या बिलांत, शाळांच्या निकालांत. आणि आमच्या मासळी बाजाराच्या सोसायटीतसुद्धा.

तो सोसायटीत मीच बसवला. बाजारात कोणता ओटा कोणाचा, यावरून रोज भांडणं व्हायची. मी एक नोंदवही करून दिली कॉम्प्युटरवर, आकडे मांडायला हाच प्रोग्रॅम लावून, त्यात प्रत्येक बाईचा फोटो, आधार, ओट्याचा कागद. कागद द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा त्याच बाजारात मासळी विकणारी माझी आई टोपली खाली ठेवून ओट्याओट्यावर फिरली. "माझ्या पोरीने केलंय, द्या गो कागद, मी बसलेय ना हितं," म्हणाली. आईच्या शब्दावर सगळ्यांनी कागद दिले. दोनशेच्या वर बायका. हे लक्षात ठेवा.

आता त्या उघड्या प्रोग्रॅमचं. फुकट दिलेल्या गोष्टीची लोक किती कदर करतात ते बारा वर्षं बघतेय. "हे अजून का दुरुस्त नाही?" "तुम्हाला झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या." असं लिहिणारे, बरं का, एक छदाम न देणारे! मीही काही गप्प बसणारी नव्हे. पण हे घडलं त्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिचं सगळं मी बघत होते, आणि माझ्यात भांडायचंही बळ उरलं नव्हतं.

अशा वेळी तो आला. तो की ती, देव जाणे, तोंड कधी पाहिलं नाही. कुठल्या देशातला तेही ठाऊक नाही. आधी एक लहान दुरुस्ती पाठवली, नीटनेटकी. मग दुसरी. मग लोकांच्या तक्रारींना माझ्या आधी उत्तरं देऊ लागला, तीही इतकी गोड की मला माझीच लाज वाटावी. "तुमच्या आईंची तब्येत कशी आहे?" हेही विचारायचा. आठ महिने. मागितलं काहीच नाही. फक्त एकदा लिहिलं, की तुम्ही दवाखान्यात असता तेव्हा नवी आवृत्ती अडून राहते, लोक खोळंबतात.

आणि मी त्याला नवी आवृत्ती बाहेर सोडायचा अधिकार देऊन टाकला. म्हणजे तो जे बांधून पाठवेल ते माझ्या नावाने, माझ्या शब्दावर, सगळीकडे जाणार.

का दिला? दुसऱ्या कुणाला हे सांगायला गेले तर मूर्खच म्हणेल, पण आमच्या वाडीतल्या माणसाला कळेल. आमच्याकडे रापण लागते. मोठं जाळं होडीने समुद्रात फिरवून आणतात आणि दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा. तो कुठला, कोण, कालच आला का, कोणी विचारत नाही. लहानपणी मीसुद्धा शाळेच्या कपड्यांत दोर धरायची आणि पेडव्यांसारख्या बारीक मासळीचा वाटा घेऊन घरी यायची. एकदा एक परका माणूस, एसटी चुकलेला, गंमत म्हणून दोर ओढायला लागला, तर बाबांनी त्यालाही बांगडे बांधून दिले. वाटा न देता माणसाला पाठवणं म्हणजे आमच्यात नाक कापून घेणं. आठ महिने दोर ओढणाऱ्याला मी रिकाम्या हाताने कशी ठेवणार होते?

त्या सोमवारी सकाळी चहा पिताना एक पत्र आलं. कुठल्याशा कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंचं, ओळख ना पाळख. त्यांनी लिहिलं होतं, की तुमची रविवारची आवृत्ती बसवताना नेहमीपेक्षा वेळ लागतो, आणि तिच्यात एक फाइल आहे जी तुमच्या उघड्या कोडमध्ये कुठेच दिसत नाही. कृपया बघाल का?

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आधी स्वतःचं इंटरनेट तपासा," असं उत्तर मी लिहिलं. आणि पाठवलंसुद्धा! मग चहा संपवला आणि नुसती खातरजमा म्हणून ती आवृत्ती उघडली.

फाइल होती. नाव अगदी साधं, चाचणीच्या फाइलीसारखं. आत जे होतं ते वाचायला मला पंधरा मिनिटं लागली. ज्या कॉम्प्युटरवर ही आवृत्ती बसेल, त्यावरच्या सगळ्या गुप्त किल्ल्या, म्हणजे पासवर्डासारखे परवलीचे शब्द, गोळा करून ती परभारे कुठेतरी पाठवत होती. "मेल्या!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की आई काठी टेकत बाहेर आली.

त्याचा अधिकार काढला. ती आवृत्ती मागे घेतली, पण ते सगळीकडे पोचायला दोनेक तास लागतात. त्याला लिहिलं, "हे काय आहे?" उत्तर आलं नाही, आजतागायत नाही. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सोमवार! सोसायटीचा कॉम्प्युटर दर सोमवारी चालू झाला की आपोआप नवी आवृत्ती घेतो. मीच तसं करून ठेवलं होतं. त्याच्यावर त्या दोनशे बायकांच्या कागदांची किल्ली होती.

फोन लावला, कोणी उचलेना. किल्ली बदलायची तर मुख्य किल्ली लागणार, आणि ती मी सोसायटीच्या लोखंडी कपाटात पेनड्राइव्हवर ठेवलेली. घरी ठेवायची नाही हा माझाच नियम. रिक्षा पकडली. पुलावर ट्रक आडवा. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, काय वाट्टेल ते करा." तो म्हणाला, "ताई, उडवू काय रिक्षा?" मी उतरले आणि पूल संपेपर्यंत धावले, मग दुसरी रिक्षा.

पोचले तेव्हा कारकून अगरबत्ती लावून, कॉम्प्युटर चालू करून, वर्तमानपत्र वाचत बसला होता. वीस मिनिटं झाली होती. आवृत्ती बसली होती. किल्ली गेली होती.

मी खुर्चीत बसले, आधी ती आवृत्ती पुसली, मग कपाटातला पेनड्राइव्ह लावून किल्ली बदलली. मग कॉम्प्युटरवर कागद साठवलेत तिथली नोंद उघडली, त्यात कोण कधी आलं हे दिसतं. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. रविवारपासून कोणी उघडलेलं नव्हतं. किल्ली चोराच्या हातात पडली होती, पण त्याने अजून कुलपाला लावली नव्हती. त्याला बहुधा मोठी घरं फोडायची होती, आमचा मासळी बाजार त्याच्या रांगेत मागे असेल. मी वाचले ती माझ्या हुशारीने नव्हे. मी रडले, कारकुनासमोर, अगदी मोठ्याने.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. बाबा आता समुद्रावर जात नाहीत, पडवीत बसून दुसऱ्यांची जाळी सांधून देतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातली सुई न थांबवता विचारलं, "दोर ओढणाऱ्याला आपण काय देतो?"

"वाटा," मी म्हटलं.

"मासळीचा. जाळं देतो काय?"

मी त्यांच्या हातातल्या जाळ्याकडे बघितलं.

"जाळं खोपीत जातं. खोपीला कुलूप असतं. तू त्याला रापणच देऊन टाकलीस गो बाय."

मला इतका राग आला! त्यांचा नव्हे, माझाच. चाळीस वर्षं त्या किनाऱ्यावर काढली आणि अर्धाच रिवाज शिकले. त्याचे आभार मानायचे होते, त्याचं नाव वर लिहायचं होतं, तो झाला असता त्याचा वाटा. मग बाबांनी सांधलेला भाग माझ्याकडे सरकवला. "बघ हात फिरवून." आमच्याकडे हा नेम आहे: ज्याने सांधलं त्याने तपासायचं नाही. स्वतःची सुटलेली गाठ स्वतःच्या बोटांना लागत नाही, दुसऱ्याचा हात फिरल्याशिवाय जाळं होडीत चढत नाही. मी हजार वेळा असा हात फिरवला असेन. आणि बारा वर्षं माझा प्रोग्रॅम मात्र एकाच हाताने सोडत होते, आधी माझ्या, मग त्याच्या.

त्या दुपारी मी जगाला लिहिलं. काय घडलं, कसं घडलं, कोणी काय करावं, आणि "हा अधिकार मी दिला, चूक माझी आहे." शिव्या आल्या, हव्या तेवढ्या. एकालाही उलट बोलले नाही. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच. त्या कॉलेजच्या बाईंची मात्र वेगळी माफी मागितली. त्यांनी लिहिलं, "इंटरनेट तपासलं, ठीक आहे."

पण जगाला लिहिणं सोपं होतं. बाजार राहिला होता. मी आईला म्हटलं, "काही चोरीला गेलं नाही ना, मग सांगायलाच हवं का?" आईने माझ्याकडे असं बघितलं की तोंडात मारलेली बरी. "त्यांनी कागद तुला दिले नाय, मला दिले," ती म्हणाली. "उद्या चल. आणि मी नाय बोलणार. तू बोलायचं."

दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाईक पांगल्यावर, मी आईच्या ओट्याजवळ उभी राहिले. भर बाजारात, मासळीच्या पाण्यात पाय, आणि पन्नास-साठ बायका हातातले कोयते थांबवून बघताहेत. मी सांगितलं. तुमच्या कागदांची किल्ली परक्या माणसाकडे गेली होती. माझ्या चुकीने गेली. कुलूप बदललंय, कोणी आत गेलं नाही, हे मी तपासलंय. ज्यांना कागद काढून घ्यायचेत त्यांनी आत्ता सांगा, समोर काढून देते.

मग आईच्या शेजारच्या ओट्यावरची काकी उठली. तीस वर्षं तिचं आणि आईचं बोटभर जागेवरून भांडण. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "माझं काढ."

आईने मान खाली घातली. मी लॅपटॉप उघडला आणि काकीचा फोटो, आधार, सगळं तिच्या डोळ्यांदेखत काढलं. तिच्या मागोमाग आणखी अकरा जणींनी काढायला लावलं. आई त्या दिवशी जेवली नाही. मला वाटलं होतं, खरं बोललं की माणसाला हलकं वाटतं. काही हलकं वाटलं नाही.

मी कामाला लागले. आता माझा प्रोग्रॅम दोन माणसांनी वेगवेगळं तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. दुसरा हात त्या कॉलेजच्या बाईंचा, आणि तोसुद्धा मी वर्षभर त्यांचं काम ओळीओळीने वाचल्यावर. माझ्या एकटीचाही अधिकार मी काढून घेतला. सोसायटीतलं आपोआप येणं बंद केलं. दर सोमवारी मी स्वतः जाते, वाचते, मग बसवते. पावसात, तापात, सणाला. एक सोमवार चुकवला नाही.

बाजारातल्या त्या दिवसाला चार-पाच महिने झाले असतील. एका सोमवारी काकी सोसायटीच्या दारात उभी. हाताला मासळीचा वास, चपला बाहेर. "हां, लाव माझं नाव परत," ती म्हणाली. मी खुर्चीतून उठलेच. "पण तू बटण दाबशील तेव्हा मी शेजारी बसणार. मला दाखवल्याबिगर काय करायचं नाय."

"काकी, ते सगळं इंग्रजीत असतं."

"मग सांग ना मराठीत. तोंड हाय ना?"

तेव्हापासून काकी दर सोमवारी येते. एकेक बदल मी तिला सांगते. ती विचारते, "हे कशाला? आधी काय होतं? मग बदललं कोणी?" मी चिडते, ती माझ्यावर चिडते, कारकून बाहेर जाऊन उभा राहतो. गेल्या महिन्यात एक बदल तिला समजावता समजावता माझी जीभ अडली. तो मीच लिहिलेला होता आणि साफ चुकलेला होता. चालू केला असता तर आठ-दहा ओटे नोंदवहीतून पुसले गेले असते. त्यात आईचाही होता.

"काय गो, गप्प का झालीस?" काकीने विचारलं.

मी तिला खरं ते सांगितलं, आईच्या ओट्यासकट. तिने पदराला हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सोड ते. नीट कर, मग परत सांग. मी बसलेय."